दाखला आणा, मग बघू

कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाताना शाहू महाराजांच्या पुतळ्याला हात सगळेच जोडतात, पण 1917 साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, हे किती जणांना ठाऊक असतं कुणास ठाऊक. त्या काळातला एक रुपया बरं का!

आताच्या आरटीईत, म्हणजे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात (लागू झाला 1 एप्रिल 2010 ला), आईबापाला दंडबिंड काही नाही. 6 ते 14 वयाचं पोरगं शाळेत आलं पाहिजे, टिकलं पाहिजे, ही जबाबदारी सरकारची. पण आरटीई म्हटलं की आपल्या ग्रुपवर एकच चर्चा, खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांची लॉटरी लागली का आणि कुठली इंग्लिश मीडियम मिळाली. असू दे, तीही महत्त्वाचीच आहे, पण बाकीचा कायदा कुणी उघडतच नाही.

आमच्या शेताकडं ऊसतोडीला बीडकडची टोळी आलीय. खोपीपुढं नऊ-दहा वर्षांची एक पोरगी बारक्या भावाला कडेवर घेऊन वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायली होती, तिकडं चौथीत होती म्हणे. तिच्या बापाला घेऊन जवळच्या शाळेत गेलो तर सर म्हणाले, "दाखला आणा, मग बघू." आता फडातला माणूस शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी बीडला जाऊन येणार, तोवर कोयता कोण चालवणार आणि मुकादमाकडनं घेतलेली आगाऊ उचल कोण फेडणार?

कायद्यात तर सरळ लिहिलंय की ओ. कलम 5, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. कलम 14, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही. कलम 9 मध्ये तर स्थलांतरित कुटुंबातल्या पोरांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेचं, असं वेगळं सांगितलंय. मोबाईलवर सरांना दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं, केंद्रप्रमुखांना फोन लावला आणि मग म्हणाले उद्यापासून बसवा वर्गात. माणूस वाईट नव्हता, वरून ऑनलाइन माहिती भरायचा तगादा असतो त्यांनाही.

खरी अडचण पुढंच निघाली. तिची आई म्हणाली, "दादा, ही साळंत गेली तर बारक्याला कोण बघंल?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अंगणवाडी आहे पण ती दुपारीच सुटते आणि टोळी फडातून येते अंधार पडल्यावर. सध्या टोळीतली एक म्हातारी बघते बारक्याला, तिचं अंग दुखलं की त्या दिवशी पोरगीची शाळा बुडते. गावी तिची आजी असते, मग आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावाकडंच सांभाळणाऱ्या हंगामी वसतिगृहासारखी सोय तिकडंच नीट झाली असती तर ती इकडं आलीच नसती. मुकादमाला विचारलंय पुढच्या वर्षी कोण कोण येणार, दिवाळीआधी पोरांची नावं कळली तर दाखले तिकडूनच घेऊन यायला सांगता येतील.