बहिरी ससाण्याचे वंश आणि वाटा : कामाची तिसरी नोंद

मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून (पेशीच्या केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्रांत असणाऱ्या डीएनएवरून) बहिरी ससाण्याचे वंशजाळे काढायला घेतले होते, ते या पंधरवड्यात मोडून पुन्हा मांडावे लागले. जीनबँक या खुल्या संग्रहातल्या डीएनए-क्रमांची जुळणी करताना दोन क्रम बाकीच्यांपासून इतके दूर पडले की नवा वंशच हाती लागल्याचा मला भ्रम झाला. दोन्ही नमुने रक्ताचे निघाले. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे रक्तातून केंद्रकातला डीएनए मुबलक मिळतो आणि तिथे जाऊन बसलेली मायटोकॉन्ड्रियल तुकड्याची जुनी नक्कलच खरा क्रम म्हणून वाचली जाण्याचा धोका राहतो. ते दोन क्रम वगळल्यावर जाळ्यात उरले ते एकसारख्या क्रमांचे एक मोठे वर्तुळ आणि त्याभोवती किंचित वेगळ्या क्रमांचे चार-दोन ठिपके. त्यातही हा डीएनए केवळ आईकडून येतो, तेव्हा त्याच्यावरून स्थलांतराची वाट ओळखू पाहणे हा माझा भाबडेपणाच होता.

२०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात युरेशियाच्या आर्क्टिक पट्ट्यातील सहा समूहांच्या ५६ बहिरी ससाण्यांचा उपग्रहाद्वारे माग काढला होता आणि ३५ पक्ष्यांचे संपूर्ण जीनोम वाचले होते. त्यातून पाच वाटा स्पष्ट झाल्या, आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतराशी एडीसीवाय८ या जनुकाचा संबंध दिसला. हे जनुक दीर्घकालीन स्मृतीशी निगडित आहे. तापमान वाढत गेल्यास पश्चिम युरेशियातील समूहांची घट होण्याचा आणि त्यांचे स्थलांतरच थांबण्याचा धोका सर्वाधिक असल्याचा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

हे वाचून मी माझा आलेख पुन्हा उघडला. मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या संग्रहावरील खुल्या मागोव्यांतून शरद ऋतूतील प्रस्थानाच्या तारखा काढून मी त्या वर्षानुसार एकत्र मांडल्या होत्या, आणि पक्षी दरवर्षी उशिरा निघू लागल्यासारखी रेघ चढत होती. प्रत्यक्षात नंतरच्या वर्षांत माझ्या फायलीत पश्चिमेकडचे पक्षीच अधिक होते. समूह वेगळे करताच चढ जवळजवळ नाहीसा झाला.

आर्गोस या उपग्रह-माग प्रणालीच्या नोंदींपैकी झेड प्रतीची, म्हणजे अवैध ठरलेली ठिकाणे आता मी सरसकट वगळतो, अचूकतेचा अंदाज नसलेली ए आणि बी प्रतीची मात्र वेग तपासूनच ठेवतो. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठणारा हा पक्षी आडव्या प्रवासात तसा उडत नाही, हे गाळणीची मर्यादा ठरवताना मी विसरलो होतो. सायबेरियातल्या येनिसेई नदीच्या पूर्वेकडील मागोवे अजून गाळायचे आहेत.