नेविगेसचं छप्पर : गॉटफ्रीड ब्योम यांचं काँक्रीट, त्याची गळती आणि दुरुस्ती

जर्मनीत वुपर्टालच्या जवळ नेविगेस नावाचं छोटं गाव आहे. 1681 पासून यात्रेकरू तिथे मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, एका चित्राच्या दर्शनाला येतात. चित्र अगदी लहान, पण त्यासाठी बांधलेलं चर्च कोलोनच्या महाधर्मप्रांतात (आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) तिथल्या कॅथेड्रलखालोखाल मोठं. आत काही हजार माणसं मावतात. 1968 मध्ये पुरं झालेलं हे चर्च वास्तुविशारद गॉटफ्रीड ब्योम यांचं सर्वांत प्रसिद्ध काम. त्याच्या छायाचित्रांवर आणि शिल्पासारख्या आकारावर भरपूर लिहिलं गेलंय. छपराच्या गळतीवर मात्र फार थोडं, आणि माझ्या मते ब्योम नीट समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी.

आधी माणसाबद्दल. जन्म 23 जानेवारी 1920, ऑफेनबाख. वडील डोमिनिकुस ब्योम हे स्वतः चर्चबांधणीतलं मोठं नाव. महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर गॉटफ्रीड यांनी म्युनिकमध्ये वास्तुकला शिकली आणि सोबत शिल्पकलेचंही शिक्षण घेतलं. हे दुसरं शिक्षण त्यांच्या प्रत्येक इमारतीत दिसतं. 1947 पासून ते वडिलांच्या कार्यालयात काम करू लागले आणि 1955 मध्ये वडील गेल्यावर कार्यालय त्यांच्याकडे आलं. पत्नी एलिझाबेथ याही वास्तुविशारद. चार मुलांपैकी श्टेफान, पेटर आणि पाउल हे तिघे याच व्यवसायात. 1986 मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले जर्मन. जून 2021 मध्ये, वयाच्या 101 व्या वर्षी ते वारले.

त्यांचं पहिलं स्वतंत्र काम कोलोनमधलं. सेंट कोलुंबा हे जुनं चर्च बॉम्बहल्ल्यात कोसळलं, पण मारियेची एक दगडी मूर्ती ढिगाऱ्यात उभी राहिली. तिच्याभोवती 1950 मध्ये ब्योम यांनी छोटं अष्टकोनी प्रार्थनागृह बांधलं. युद्धानंतर साहित्याची टंचाई होती, आणि त्याच काळात त्यांनी छतासाठी एक पद्धत हाताळली : लोखंडी जाळी तंबूच्या कापडासारखी टांगायची आणि तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर चढवायचा. जाळीच आकार देणार आणि जाळीच ताण घेणार. आज ते प्रार्थनागृह स्विस वास्तुविशारद पेटर त्सुमथोर यांच्या 2007 च्या कोलुंबा संग्रहालयाच्या पोटात आहे. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

नेविगेससाठी 1963 मध्ये स्पर्धा घेतली गेली आणि सुधारित आराखड्यांच्या दुसऱ्या फेरीत ब्योम यांची निवड झाली. रुंद पायऱ्यांचा विटांनी बांधलेला रस्ता चढत चर्चपर्यंत जातो आणि तीच विटांची फरसबंदी दारातून आत शिरते. आत रस्त्यावरच्यासारखे दिवे आहेत, घरांच्या दर्शनी भागांसारखे सज्जे आहेत, आणि वर काळोखात हरवणारं छत. यात्रेकरूने बाहेरच्या रस्त्यावरून आतल्या चौकात यावं, ही कल्पना. गुलाबाच्या रचनेच्या रंगीत काचांचं रेखाटनही त्यांनी स्वतःच केलं.

आता छप्पर. रचनेच्या भाषेत ही घडीची पटलं आहेत. सपाट कागद एका कडेने धरला तर लोंबतो, घडी घातली की ताठ राहतो, काँक्रीटचंही तसंच. घडीच्या दोन पटलांमधला कोन त्याला तुळईसारखी उंची देतो, त्यामुळे आत खांबांची गर्दी न करता मोठं अंतर झाकता येतं. पण नेविगेसच्या छपरात नियमित घडी नाही. प्रत्येक पटलाचा उतार वेगळा आणि प्रत्येक कडेचा कोन वेगळा, म्हणजे एका ठिकाणचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) उचलून दुसरीकडे लावायची सोय नाही. तिरक्या पटलात काँक्रीट ओतताना ते खाली घसरतं. ते थोपवायला मिश्रण घट्ट ठेवलं, तर सळयांच्या गर्दीत पोकळ्या राहण्याचा धोका. पातळ केलं, तर सुकताना आकुंचन जास्त. शिवाय एवढं छप्पर एका दिवसात ओतता येत नाही. आजचं काँक्रीट उद्याच्या काँक्रीटला जिथे भेटतं, तो प्रत्येक सांधा पुढे पाण्याची वाट होऊ शकतो.

वरून पत्रा नाही, डांबरी थर नाही, शिसं नाही. दाट काँक्रीट स्वतःच पाणी अडवेल, या भरवशावर छप्पर उघडं राहिलं. भिंत आणि छप्पर एकाच दगडातून कोरल्यासारखं दिसतं, ते त्यामुळेच.

यात चूक कुठे होते? दाट काँक्रीटच्या अंगातून पाणी फारसं झिरपत नाही. ते शिरतं भेगांतून. आणि सळयांचं काँक्रीट भेगाळणार, हे त्याच्या हिशेबातच धरलेलं असतं. सळई आपलं काम तेव्हाच पूर्णपणे करते. 0.3 मिलिमीटरची भेग ताकदीच्या दृष्टीने बिनधोक, पण पाण्याला पुरेशी मोठी. त्यात उन्हाने बाहेरची बाजू तापते, आतली थंड राहते, रात्री उलट ताण येतो. एरवी छप्पर थोडं सरकून हा ताण सोडून देतं. घडीचं छप्पर सगळ्या कडांनी एकमेकांत बांधलेलं, त्याला सरकायला जागाच नाही. म्हणून भेगा पडतात, आणि त्या दररोज उघडझाप करतात.

पुढचा क्रम आपल्याकडे जुन्या स्लॅबखाली राहणाऱ्या कुणालाही माहीत असेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची क्षारता कमी करत सळईपर्यंत पोचतो, सळईवरचं संरक्षण जातं, ओल मिळताच ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळईवरचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, फुटतं आणि पोपडे सुटतात.

1980 च्या दशकात नेविगेसच्या छपरावर कृत्रिम रेझिनचा लेप दिला गेला. असा लेप स्थिर भेगेवर चालतो. उघडझाप करणाऱ्या भेगेवर मात्र सगळी हालचाल लेपाच्या त्याच एका रेषेत एकवटते. रेझिन उन्हाने कडक झालं की नेमकं तिथेच चिरतं. मग पाणी लेपाखाली शिरतं आणि त्याला लवकर सुकताही येत नाही. गळती पुन्हा सुरू झाली.

मग पर्याय कोणते? पत्रा किंवा शिसं चढवलं तर गळती थांबेल, पण इमारतीचा चेहरा जाईल. नवा काँक्रीटचा थर द्यायचा तर लोखंडी जाळीला गंजापासून वाचवायला वरखाली पुरेसं कव्हर हवं. थर सहज 7 सेंटिमीटरवर जातो, म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे किलोंहून जास्त भार.

गेल्या दशकात जी दुरुस्ती हाती घेतली गेली, तिचे वास्तुविशारद गॉटफ्रीड यांचे पुत्र पेटर ब्योम. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांसोबत त्यांनी कार्बन तंतूंच्या जाळीचा मार्ग धरला. कार्बन गंजत नाही, म्हणून कव्हर सेंटिमीटरभर पुरतं. असा थर सुमारे 3 सेंटिमीटरचा होतो आणि वजन दर चौरस मीटरला साधारण 65 ते 70 किलो.

अशा कामाची रीत अशी. आधी जुना लेप आणि सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढायचं, कारण नवा थर धरून राहतो तो केवळ खडबडीत, निरोगी पृष्ठभागावर. गंजलेल्या सळया साफ करून खड्डे भरायचे. पृष्ठभाग आधीच भिजवायचा, पण फवारणीच्या वेळी वर पाणी चमकत असता कामा नये. कोरडा राहिला तर तो सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतो, फार ओला असला तर पकड बसत नाही. मग बारीक कणांच्या मसाल्याचा पातळ थर फवारायचा, तो ओला असतानाच जाळी त्यात दाबायची, पुन्हा थर, पुन्हा जाळी, वर शेवटचा थर. जाळीखाली पोकळी राहिली तर तिथे सगळं फुकट. शेवटी ओल टिकवून ठेवायची. 3 सेंटिमीटरचा थर वाऱ्याने काही तासांत सुकतो आणि भेगा टाळण्यासाठी दिलेल्या थरालाच भेगा पडतात.

खरी करामत भेगेच्या रुंदीत आहे. जाळी एका मोठ्या भेगेची हालचाल अनेक बारीक भेगांत वाटून देते. प्रत्येक भेग 0.1 मिलिमीटरपेक्षा लहान राहिली तर पाणी तिच्यातून जवळजवळ जात नाही, आणि काँक्रीटमधला चुना बाहेर येऊन ती हळूहळू बुजवतो. थोडक्यात, इथे भेग बंद करायचा हट्ट सोडून तिला लहान ठेवलं आहे. ताणलेली जाळी आणि तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर ही वाट वडिलांनी, म्हणजे गॉटफ्रीड यांनी, 1950 च्या सुमारास कोलोनमध्ये टंचाईपोटी धरली होती. मुलाने वडिलांचं छप्पर वाचवायला तीच वापरली, फक्त लोखंडाच्या जागी कार्बन आला.

उघड्या काँक्रीटचं तिरकं छप्पर सांभाळणाऱ्यांसाठी एवढंच : दोन पटलं जिथे खाली मिळतात त्या पन्हळींत पानं, शेवाळ आणि बर्फ साचतो, म्हणून पाहणी तिथून सुरू करावी. आतल्या बाजूला पांढरे ओघळ दिसले तर डाग पुसण्याआधी त्यांची जागा नकाशावर नोंदवावी. पाणी आत शिरलेलं ठिकाण बहुतेक वेळा ओघळाच्या बरंच वर असतं.