सरांच्या दुकानाचा हिशोब

नववी-दहावीला मला रसायनशास्त्र शिकवणारे सर एका मे महिन्यात सांगलीतल्या माझ्या ऑफिसात आले. सोबत मुलगा आणि हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे खात्यावर पडून होते. मुलाला विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला बर्गर-फ्राइजची फ्रँचायझी घ्यायची होती. बँकेला सोमवारपर्यंत प्रोजेक्ट रिपोर्ट हवा होता, आणि कंपनीच्या फीचा चेक सरांच्या खिशात लिहून तयार होता.

मी सीए आहे. असे लोक माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांना आधी डॉमिनोज किंवा मॅकडोनाल्ड्स हवं असतं. डॉमिनोज भारतात ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते, पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफकडे आहे. आपल्यासारख्याला ते मिळत नाही, आणि ‘रजिस्ट्रेशन फी भरा’ असा मेल आला असेल तर तो भामट्यांचा, हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. सरांचं तसं नव्हतं. कंपनी खरी होती, तिची दुकानं चालू होती.

माहितीपत्रकात एकूण गुंतवणूक 15 लाख: फी 4, मशिनरी 6, इंटिरियर 4, पहिला माल आणि बिलिंग सॉफ्टवेअर 1. खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळे’. त्या दोन शब्दांवर माझा अर्धा तास गेला. कपड्याचा दुकानदार खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वळता करून घेतो. रेस्टॉरंट 5 टक्के लावतं, पण त्याला इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे फी, मशिनरी आणि इंटिरियरवरचे 18 टक्के, 2 लाख 52 हजार, गेले ते गेलेच. पुढे दर महिन्याला विक्रीतून कंपनीला द्यायच्या रॉयल्टीवरचे 18 टक्केही तसेच जाणार. हे ज्यांना पक्कं माहीत असतं तेच लोक माहितीपत्रक छापतात, याचा मला मनापासून राग आहे.

मग जागा. भाडं 35 हजार, सहा महिन्यांचं डिपॉझिट 2 लाख 10 हजार, दलालाला एक भाडं. काम चालू असताना दुकान बंद, तरी दोन महिन्यांचं भाडं 70 हजार. दोन फ्रायर, ग्रिल, उणे 18 अंशांचा डीप फ्रीझर आणि एसी धरून 15 किलोवॉटचं थ्री फेज कनेक्शन, केबलसकट 60 हजार. आणि डक्ट. कंपनीच्या नकाशात फ्रायरवर चिमणीचं हूड होतं, त्यातून निघालेली रेघ भिंतीबाहेर जाऊन थांबली होती. पण भिंतीबाहेर पहिल्या मजल्यावरच्या काकूंची बाल्कनी होती! सोसायटी धूर तिथे सोडू देणार नव्हती. पत्र्याचा डक्ट तीन मजले चढवून गच्चीवर न्यायचा, वर ब्लोअर बसवायचा: 1 लाख 10 हजार. पगार-वीजबिलासाठी हातात 3 लाख. बेरीज 25 लाख 37 हजार.

मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांना घाबरवताय."

मी महिन्याचं गणित मांडलं. माल आणि पॅकिंग विक्रीच्या 45 टक्के. रॉयल्टी 6, करासह 7च्या वर. निम्मी विक्री घरपोच मागवायच्या अॅपवरून धरली, तर त्यांचं कमिशन सगळ्या विक्रीवर जवळपास 15 टक्के पडत होतं. उरले 33. भाडं, चार पोरांचे पगार, वीज, 10 लाखांच्या कर्जाचा हप्ता आणि किरकोळ मिळून 1 लाख 45 हजार. ते निघायला रोज 180 रुपयांची साधारण 80 बिलं हवीत. श्रावणात, परीक्षेत, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीतसुद्धा 80.

मी कंपनीच्या माणसाला स्पीकरवर फोन लावला. रॉयल्टी अॅपचं कमिशन जाण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या? आधीच्या. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं बंद झाली? "मॅडम, ती माहिती आम्ही देत नाही." अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागतो. त्यात सुरुवातीच्या खर्चाचा तक्ता, बंद झालेली दुकानं आणि सोडून गेलेल्या लोकांचे संपर्कही असतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. त्या माणसाने नियम मोडला नव्हता, आणि हेच मला सहन होत नाही.

सर शांतपणे म्हणाले, "अगं, रिपोर्ट 15चाच कर. बँक 10 देईल, बाकीचं मी बघतो." मी नाही म्हणाले. ज्यांनी माझ्या प्रयोगवहीतली खाडाखोड कधी चालवून घेतली नाही, त्यांना नाही म्हणताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी रिपोर्ट दुसरीकडून करून घेतला. असे रिपोर्ट करणारे सगळीकडे आहेत, एकच एक्सेल, नाव बदललं की झालं. बँकेनेही तो तसाच घेतला. जागेवर कुणी गेलं असतं तर बाल्कनी दिसली असती.

परवा, दोन वर्षांनी, सरांचा फोन आला म्हणून दुकानात गेले. दुपारचे चार, गिऱ्हाईक नव्हतं. चाराऐवजी दोनच पोरं, मुलगा ग्रिलवर, आणि सर फ्रायरपाशी तेलात मीटर बुडवून उभे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणारी पोलर संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते टाकून द्यायचं, हा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम 2018च्या जुलैपासून आहे. आकडा स्थिर झाला: 19.5. सरांनी वेळेसकट वहीत लिहिला, तेच टपोरं अक्षर. गल्ल्यापासून तेलापर्यंत सगळं तेच बघतात, सकाळी अकरा ते रात्री अकरा.

हिशोब काढला. रोज 70 बिलं, म्हणजे मी म्हणाले होते त्याहून कमी, तरी महिन्याला 8 हजार उरत होते. मला आधी उमगेना. माझ्या कागदावर चार पगार होते. इथे दोन पगार वाचले होते, कारण बापलेक फुकट राबत होते. कर्ज वगळून घातलेले 15 लाख 37 हजार ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले असते, तर घरी बसून महिना साडेदहा हजार आले असते.

मी दोघांच्या नावापुढे 15-15 हजार पगार लिहिला. खाली उणे 22 हजार आले. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. आत मुलगा कांदा चिरत होता.

"हे खोड," ते हळूच म्हणाले. "त्याला दाखवू नकोस."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढच्या महिन्यात रिटर्न भरायला मुलगा येणार आहे.