रॉक फॉस्फेट, जिवाणू आणि आमचं भात

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली तांबडी जांभी माती आंबट. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, खत कितीही घाला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते धरून बसतात. माती परीक्षणात सामू (पीएच) 5.4 आणि स्फुरद कमी आल्यावर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातल्या साहेबांनी रॉक फॉस्फेटसोबत पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, वापरायला सांगितलं.

खतवाला म्हणाला, "काका, दगडाचा भुगा तो. डीएपी न्या." डीएपी म्हणजे स्फुरदाचं नेहमीचं रासायनिक खत. अर्धं खरं होतं त्याचं. रॉक फॉस्फेटमध्ये 18-20 टक्के स्फुरद असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. बॅसिलस, स्युडोमोनास हे जिवाणू ग्लुकोनिक, सायट्रिक अशी आम्लं सोडतात. ती कॅल्शियमला पकडतात आणि स्फुरद मोकळं होतं. पण आम्ल करायला जिवाणूंना खाणं लागतं. शेणखत नसलेल्या रानात नुसती जिवाणूंची पुडी टाकून काय होणार? ही गोष्ट पुडीवरच ठळक छापायला हवी.

म्हणून मी सगळा जोर उकिरड्यावर दिला. शेण, भाताचं पिंजर, गिरिपुष्पाचा पाला, मधेमधे रॉक फॉस्फेट. ओल राखत खालवर करत गेलो. ढीग तापलेला असताना जिवाणू घालायचे नाहीत, मरतात. आत हात घालून ऊब गेल्याची खात्री केली, मग धारवाडच्या कृषी विद्यापीठातून आणलेलं पीएसबी गुळाच्या पाण्यातून शिंपडलं. पुड्यांची मुदत बघूनच घ्या, आणि उन्हात ठेवू नका. हे सगळं रानाबाहेर करायचं कारण असं, की भातात पाणी तुंबलं की मातीचा आंबटपणा उतरतो आणि दगड विरघळणं मंदावतं.

चिखलणीला ते खत मिसळलं, रोपांची मुळं जिवाणूंच्या पाण्यात बुडवून लावण केली आणि डीएपी निम्मं दिलं. कडेच्या पट्टीला मात्र नेहमीचं पूर्ण डीएपी. फुटवे दोन्हीकडे सारखेच आले, उतारही घटला नाही. खतावरचा खर्च वाचला, माझ्यासारख्याला तो फार मोठा.

चिकोडीच्या मेव्हण्याला मात्र मी हे करू नको म्हटलंय. त्याची काळी जमीन चुनखडीची, तिथं रॉक फॉस्फेट तसंच पडून राहील. त्यानं सुपर फॉस्फेट आणि शेणखताबरोबर पीएसबी वापरावं. पालाशाचे, म्हणजे पोटॅशचे, जिवाणूही मिळतात, ते मी यंदा एकाच वाफ्यात घालून बघणार आहे.