छोटं पिस्तूल अडकतं, तेव्हा कानस खाली ठेवा

अमेरिकेत स्वतःचं पिस्तूल घरीच दुरुस्त करणं नेहमीचं आहे; भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांनी जपावं: वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे.

अडकण्याच्या पुष्कळ तक्रारी येतात त्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाच्या आखूड आवृत्त्यांच्या. जॉन ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराच्या मूळ रचनेत नळी ५ इंचांची आणि वरची सरकती स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची. १९८५ च्या कोल्ट कंपनीच्या ‘ऑफिसर्स’ मॉडेलमध्ये नळी साडेतीन इंचांवर आली. स्लाइड हलकी झाली, तिची धाव कमी झाली, म्हणून स्प्रिंग बरीच कडक करावी लागली. आता स्लाइड इतकी झपकन पुढे येते, की मॅगझिनला (काडतुसं भरायच्या पेटीला) पुढचं काडतूस वर उचलायला वेळच पुरत नाही. काडतुसाचं नाक खाली जातं आणि चेंबरकडे (नळीतल्या काडतुसाच्या जागेकडे) नेणाऱ्या उतारावर रुततं. अशा वेळी आणखी कडक स्प्रिंग घातली, तर दुखणं वाढतंच.

म्हणून सुरुवात मॅगझिनपासून. प्रत्येकावर आकडा लिहा आणि कुठलं अडकतं याची नोंद ठेवा. एकच अडकत असेल, तर त्याची स्प्रिंग बदला किंवा ते सरळ टाकून द्या. सगळीच अडकत असतील, तर रिकॉइल स्प्रिंग बदला. आखूड पिस्तुलात ती पाचशे-हजार गोळ्यांतच थकते. मनगट सैल धरल्यानेही असंच होतं, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी चालवून पाहायला सांगा.

रिकाम्या पुंगळ्या नीट बाहेर पडत नसतील, तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा हुक) तपासा. पिस्तूल रिकामं करा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा, जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड आणि नळी काढून नकली काडतुसाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या हुकाखाली सरकवा. हलकेच हलवल्यावर ते टिकलं पाहिजे, जोरात झटकल्यावर पडलं पाहिजे.

फ्रेमचा (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याचा) उतार आणि नळीचा उतार यांच्यामधली सुमारे ०.८ मिमीची पायरी मुद्दाम ठेवलेली असते. ती घासून सपाट करू नका. नळीचा उतार घासून चेंबरच्या आत सरकला, तर पुंगळीचा बुंधा उघडा पडतो आणि ती फुटू शकते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर पॉलिशसुद्धा नको. वरचा कठीण थर गेला, की खालचा मऊ धातू गोळ्यांच्या नाकांनी खड्डे पडून खराब होतो.