तिने वरच्या दुधाचं विचारलं होतं

पर्वतीच्या पायथ्याशी आमची वस्ती, तिथे मी आशा सेविका आहे. दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आमच्या भेटी ठरलेल्या, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर नीट पितंय का, सगळं फॉर्मात. आईच्या मनाबद्दल म्हणाल तर एकच रकाना, असंबद्ध बोलते का, झटके येतात का.

ही पहिलटकरीण, माहेरी आलेली, आणि असंबद्ध कुठलं, उलट फार नीट बोलायची. 14 व्या दिवशी मी 'नाही' वर टिक केली. निघताना तिने विचारलं, ताई, वरचं दूध चालेल ना, पावडर किती घालायची? मी लगेच शिकवलेलं सगळं ऐकवलं, 6 महिने फक्त आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही. ती बरं म्हणाली.

21 व्या दिवशी बाळाचं वजन छान वाढलेलं, पण बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. तिच्या घरच्या काकू म्हणाल्या, बाळंतिणीला रडू येतंच. येतं, पण ते दोनेक आठवड्यांत ओसरतं, हिचं वाढत चाललेलं. काकूंसमोर ती बोलणार नाही हे दिसत होतं म्हणून मी हात धुवायला गरम पाणी मागितलं आणि तेवढ्या वेळात सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का गं? (असं विचारलं की डोक्यात भरतं असं आमच्यातल्याही कितीजणी मानतात, साफ चूक आहे ते.)

ती म्हणाली, "म्हणूनच पावडरचं विचारलं होतं ताई. मी नसले तर तिचं अडायला नको."

मी तिथून हललेच नाही. सिस्टरना फोन, मग 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, काकूंना स्पष्ट सांगितलं की हिला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दुपारी रिक्षाने ओपीडी. तिथे केसपेपरच्या खिडकीतली बाई सगळ्या लायनीसमोर म्हणते, एवढं गोंडस बाळ आणि रडतेस काय! इतका राग आला होता मला. मानसोपचार डॉक्टर मात्र शांतपणे ऐकत होत्या, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या, दूध तोडायला लावलं नाही.

42 व्या दिवशी ती मला विचारत होती, दीड महिन्याची लस झाली की पुढची कधी?

14 व्या दिवसाचा फॉर्म केव्हाच जमा झालाय, सह्यांसकट. 'नाही' वर टिक.