शिरोळच्या चिबड रानाखालचा कुजका थर

शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका चिबड, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या रानात निचऱ्याचे पाइप टाकायचे होते. आराखडा नेहमीचाच: जाळी गुंडाळलेला ८० मिमी सच्छिद्र पाइप, एक मीटर खोलीवर, दोन ओळींत वीस मीटर अंतर. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के, सामू (पीएच) ८.३. काळ्या जमिनीला साजेसे आकडे. फक्त हा नमुना वरच्या २० सेंमीचा होता आणि पाइप जाणार होता त्याच्या पाचपट खाली. म्हणून चर मारायच्या आधी पाइपच्या रेषेवर गिरमिट फिरवलं.

रानाच्या मधोमध एक उथळ, खोलगट पट्टा होता. मार्च लागला तरी तिथे सरीत पाय रुतायचा. बांधाकडेला लव्हाळा नि पाणकणीस माजलेलं. हे नदीचं जुनं पात्र असावं, असं चढउतार बघूनच वाटत होतं. गिरमिट ८० सेंमीपर्यंत जड गेलं आणि मग एकदम लोण्यात घुसावं तसं खाली उतरलं. तिथेच खड्डा घेतला.

वरचे ३० सेंमी काळी चिकण माती. त्याखाली राखाडी, जुन्या मुळांच्या नळ्यांभोवती गंजासारख्या तांबूस रेषा. पाणी भरलेल्या मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. मग जिवाणू त्याच्याऐवजी आधी नायट्रेट वापरतात (आपण घातलेला नत्र इथेच हवेत जातो), मग मँगनीज, मग लोह, शेवटी सल्फेट. लोह विरघळलं की माती राखाडी-निळसर होते. मुळाच्या नळीतून थोडी हवा मिळाली की तेच लोह तिथे गंजून बसतं.

८० सेंमीखाली मात्र माती नव्हतीच म्हणा ना. गडद तपकिरी, स्पंजासारखा थर, पाणकणसाच्या पानांचे पदर ओळखू यावेत असा आणि सडक्या अंड्याचा वास. जिवाणू सल्फेटपर्यंत पोचल्याची ही खूण. हा थर १३० सेंमीपर्यंत गेला, त्याखाली हिरवट-निळी चिकण माती.

शेतकरी आबा वर बसून बघत होते. म्हणाले, "साहेब, हे तर आयतं खत हाय की! वर काढून पसरू?"

थर काळा आहे म्हणून तो सेंद्रिय ठरत नाही. आपल्या काळ्या रानाचा रंग तर कर्ब एक टक्काही नसताना काळाच असतो. म्हणून तीन गोष्टी पाहिल्या. मूठभर ओला थर पिळला: गढूळ पाणी आलं आणि निम्मा लगदा बोटांतून निसटला. कुजण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ही सातवी. बोटांत दहा वेळा चोळल्यावर साधारण चौथा हिस्सा तंतू उरले, म्हणजे अर्धवट कुजलेला. तंतू सहाव्या हिश्शाहून कमी उरले तर पूर्ण कुजलेला म्हणायचं. तिसरी खूण सगळ्यात बोलकी. १०० घन सेंमीच्या कड्यात नमुने घेऊन १०५ अंशांवर वाळवले. वरच्या मातीचं कडं १२८ ग्रॅम, या थराचं फक्त २७.

प्रयोगशाळेत कर्ब काढताना एक घोळ होतो. नेहमीच्या पद्धतीत डायक्रोमेट हे नारिंगी रसायन मातीतल्या कर्बावर खर्च होतं; त्यात एक ग्रॅम माती घेतली, तर चार टक्क्यांच्या आसपासच डायक्रोमेट संपून द्रावण हिरवं पडतं. असा आकडा तसाच लिहून दिला की थर गरीब दिसतो. इथे ०.१ ग्रॅमच घ्यावं लागतं. किंवा सरळ ५५० अंशांवर जाळून वजनातली घट बघावी. ती ३८ टक्के आली, म्हणजे कर्ब साधारण निम्मा, १९. चिकण मातीच्या प्रमाणानुसार १२ ते १८ टक्क्यांपुढे थर सेंद्रिय धरतात. तरी या जमिनीला 'सेंद्रिय जमीन' म्हणता येत नाही, कारण त्यासाठी वरच्या ८० सेंमीत किमान ४० सेंमी असा थर लागतो. पाइपला या वर्गीकरणाशी काही देणंघेणं नाही.

पाणी उतरलं की दोन गोष्टी होतात. पाण्याचा आधार जाऊन वरच्या चिकण मातीचं वजन थरावर येतं, तो दबतो. आणि हवा शिरल्यावर तो कुजून विरत जातो. इंग्लंडमध्ये होम फेन या निचरा केलेल्या दलदलीत १८५१ च्या सुमारास जमिनीबरोबर रोवलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर वर दिसतो. आपल्या पाइपला १०० मीटरला १० ते २० सेंमी एवढाच उतार असतो. खालचा ३० सेंमी थर तीन-चार सेंमी दबला, तरी पाइपला पोट पडतं आणि तिथे गाळ धरतो.

दुसरा धोका लोहाचा. खड्ड्यातल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला होता. काडी लावली तर तो काचेसारखा तुकडे होऊन फुटला. तेल असतं तर पुन्हा सांधलं असतं. असं लोह पाइपच्या छिद्राशी हवेला लागलं की नारिंगी बुळबुळीत गाळ होऊन जाळी बुजवतं.

केरळात कुट्टनाडच्या करी (काळ्या, कुजक्या थराच्या) जमिनी सुकल्यावर अतिशय आम्ल होतात, म्हणून थराचा एक नमुना आठ आठवडे ओलसर, हवेशीर ठेवला. सामू ७.१ वरून ६.४ वर थांबला. चारच्या खाली गेला असता, तर तो थर उघडा करायचाच नव्हता. आबांचं खत मात्र थरातच राहिलं: ते काढायला वरची ८० सेंमी माती उलथावी लागली असती.

मग पाच-पाच मीटरवर गिरमिट घेऊन पट्ट्याची हद्द आखली. सच्छिद्र पाइप हद्दीबाहेर थांबवले. मुख्य पाइप पट्ट्यातून न्यावाच लागला, तिथे बिनछिद्राचा, जाड भिंतीचा घेतला, उतार दुप्पट ठेवला आणि दोन्ही टोकांना तपासणी हौद बांधले, म्हणजे दाबाच्या पाण्याने धुता येतो. पट्ट्यावर ऊस न लावता पॅरा गवत लावायचं ठरलं. ते पाण्यात उभं राहतं आणि आबांच्या म्हशींना चालतं.